कढीपत्त्यावरचं बहुरूपी : शेपटीवालं काळं फुलपाखरू नेमकं कोणतं?

पाऊस ओसरला की ओळखीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. काळं, जवळजवळ तळहाताएवढं फुलपाखरू, मागच्या पंखांना दोन शेपट्या आणि खाली प्रश्न, "हे कोणतं?" मोबाइलमधलं अॅप 'स्वॅलोटेल' एवढं सांगून मोकळं होतं. कुणीतरी "अरे, हे तर महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू" असं ठोकून देतं. तिसरा एखादा 'रोझ' म्हणतो. बहुतेक वेळा तिघांचंही थोडं थोडं चुकलेलं असतं. बेळगाव, पणजी, इंदूर, वडोदरा, हैदराबाद, कुठूनही फोटो आलेला असो, शेपटीवालं काळं फुलपाखरू निघालं तर ते कॉमन मॉरमॉन असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. शास्त्रीय नाव पॅपिलिओ पॉलिटस. मराठीत त्याला बहुरूपी म्हणतात, आणि हे नाव त्याला किती शोभतं ते पुढे कळेलच.

आधी 'स्वॅलोटेल' या शब्दाचा घोळ मिटवू. हे एका फुलपाखराचं नाव नाही, घराण्याचं नाव आहे. भिंगरी पक्ष्याची शेपटी कशी दुभंगलेली असते, तशा शेपट्या या घराण्यातल्या पुष्कळ फुलपाखरांच्या मागच्या पंखांना असतात, म्हणून स्वॅलोटेल. इंग्रजी पुस्तकांत ज्याला 'कॉमन स्वॅलोटेल' म्हणतात ते पॅपिलिओ मॅकेऑन. पिवळ्या पंखांवर काळी नक्षी असलेलं हे फुलपाखरू युरोपपासून जपानपर्यंत आणि उत्तर अमेरिकेतही सापडतं. भारतात ते बघायचं तर हिमालयात जावं लागतं. त्यामुळे अॅपने तिलकवाडीतल्या किंवा मडगावातल्या फोटोवर 'कॉमन स्वॅलोटेल' असा शिक्का मारला तर तो सरळ खोडून टाकावा.

दुसरी गंमत अशी की या घराण्यातल्या सगळ्यांना शेपटी असतेच असं नाही. लिंबाच्या झाडाभोवती फिरणारं पिवळट-काळ्या ठिपक्यांचं लाइम बटरफ्लाय याच घराण्यातलं, पण त्याला शेपटी नाही. महाराष्ट्राने 2015 साली राज्य फुलपाखराचा मान दिलेलं ब्लू मॉरमॉन, त्यालाही शेपटी नाही. ते आकाराने चांगलंच मोठं आणि मागच्या पंखांवर निळ्या रंगाचा मोठा पट्टा. म्हणजे फोटोत शेपटी स्पष्ट दिसत असेल तर निदान 'राज्य फुलपाखरू' हा वाद तिथेच संपला. मात्र पंख फाटलेल्या, म्हाताऱ्या फुलपाखराची शेपटी तुटलेली असू शकते, तेवढं बघून घ्या.

नर सोपा, मादी अवघड

कॉमन मॉरमॉनचे पंख उघडे असताना टोकापासून टोकापर्यंत साधारण 9 ते 10 सेंटिमीटर भरतात. नर ओळखायला अगदी सोपा. पूर्ण काळा, आणि मागच्या पंखांवर आडव्या ओळीत पांढऱ्या ठिपक्यांची माळ. ठिपके एकमेकांना लागून असल्यामुळे उडताना पांढरा पट्टाच ओढल्यासारखा दिसतो. पुढच्या पंखांच्या कडेला बारीक पांढरे ठिपके असतात. एकदा नीट बघितला की पुढच्या वेळी उडतानाही ओळखता येतो.

मादीचं तसं नाही. आपल्याकडे ती तीन रूपांत भेटते. एक रूप नरासारखंच, काळ्यावर पांढरी माळ. त्याला सायरस म्हणतात. मागच्या पंखांच्या कडेच्या लाल चंद्रकोरी तिच्यात जास्त ठळक असतात. नर की सायरस मादी, यावर अनुभवी माणसंही अडखळतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

दुसरं रूप स्टिकियस. याच्या मागच्या पंखाच्या मधोमध पांढरा डाग आणि कडेला लाल खुणा. हुबेहूब कॉमन रोझ नावाच्या दुसऱ्याच फुलपाखरासारखं. तिसरं रूप रोम्युलस. पुढच्या पंखांवर पांढुरके पट्टे, मागच्या पंखांवर लाल ठिपक्यांच्या ओळी. हे क्रिमझन रोझची नक्कल करतं. ही रूपं इतकी वेगळी दिसतात की सुरुवातीला युरोपातल्या अभ्यासकांनी त्यांना वेगवेगळ्या जाती समजून वेगवेगळी नावं दिली होती. त्या सगळ्या एकाच जातीच्या माद्या आहेत, हे आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी 1865 साली प्रसिद्ध झालेल्या मलाय प्रदेशातल्या स्वॅलोटेल फुलपाखरांवरच्या निबंधात मांडलं. 'मॉरमॉन' हे इंग्रजी नावही यातूनच आलं असं सांगतात. एका नराला तीन तऱ्हेच्या बायका, म्हणून बहुपत्नीत्वासाठी तेव्हा गाजलेल्या अमेरिकेतल्या मॉरमॉन पंथाचं नाव. त्यापेक्षा आपलं बहुरूपी बरं. एका वेषात दारात येणार, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच वेषात, आणि माणूस तोच.

पंख नको, अंग बघा

आता मुख्य मुद्दा. समोर आहे ते खरं रोझ की त्याचा वेष घेतलेली मॉरमॉन मादी? पंखांवरची नक्षी बघत बसलात तर फसाल, कारण नक्कल तिथेच झालेली आहे. नक्कल झालेली नाही ती अंगाची. कॉमन रोझ आणि क्रिमझन रोझ यांच्या डोक्यावर आणि पोटावर लाल रंग स्पष्ट असतो. कुणीतरी अंगाला कुंकू फासलं असावं असा. मॉरमॉन मादीचं अंग काळं. बस्स, एवढंच लक्षात ठेवलं तरी दहातले नऊ फोटो सुटतात.

अडचण अशी की आपण सगळे फोटो वरून काढतो. पंख छान पसरलेले येतात, अंग सावलीत जातं. म्हणून फुलपाखरू फुलावर बसलं असेल तर एक फोटो बाजूने घ्यावा, पोट दिसेल असा. पंखांचा फोटो फ्रेमसाठी, पोटाचा फोटो ओळखीसाठी.

चालीवरूनही थोडा अंदाज येतो. रोझ फुलपाखरं संथ उडतात, आपल्याला कोण काय करणार अशा थाटात. मॉरमॉन मादी बिनधास्त असते तेव्हा तीही रोझसारखी रेंगाळत उडते, पण हात पुढे केला की एकदम वेग पकडते, आणि वेष उघडा पडतो. फुलातला मध पिताना मॉरमॉन पुढचे पंख सारखे फडफडत ठेवतं, पूर्ण स्वस्थ असं क्वचितच बसतं. मोबाइलवाल्यांचे निम्मे फोटो हलतात ते यामुळेच.

घाटात, म्हणजे आंबोली, चोर्ला या बाजूला फिरणाऱ्यांनी आणखी एक नाव ध्यानात ठेवावं, रेड हेलन. तेही काळं, शेपटीवालं, पण मॉरमॉनपेक्षा मोठं. त्याच्या मागच्या पंखावर माळ नसते. वरच्या बाजूला दोन-तीन ठिपके मिळून झालेला एकच मोठा पांढरा डाग असतो. ते दाट जंगलाचं फुलपाखरू, तुमच्या गॅलरीत येण्याची शक्यता कमी.

वेष घ्यायचा कशासाठी?

रोझ फुलपाखरांच्या अळ्या सापसंद आणि तिच्या जातीच्या वेलींवर वाढतात. सापसंदेला ईश्वरीही म्हणतात. काळ्या मातीच्या रानात जमिनीलगत पसरणारी किडामारी ही तिचीच बहीण. या वनस्पतींमध्ये अॅरिस्टोलोकिक आम्ल नावाचं विष असतं. अळी पानं खाते, विष अंगात साठवते आणि ते पुढे फुलपाखरातही उतरतं. पक्ष्याने असं फुलपाखरू एकदा तोंडात घेतलं की तो पुन्हा त्या नक्षीच्या वाटेला जात नाही. (जाता जाता : सापसंदेचं मूळ विंचू-सापावर उगाळून पाजायची पद्धत जुनी आहे. ते करू नये. हेच आम्ल माणसाची मूत्रपिंडं निकामी करतं आणि कर्करोगालाही कारण होतं.)

मॉरमॉनच्या अळ्या लिंबू-कढीपत्ता खातात, त्यांच्या अंगात असलं विष नाही. मादीला अंडी घालण्यासाठी झाडाझाडांवर सावकाश फिरावं लागतं, म्हणजे पक्ष्याच्या नजरेत जास्त वेळ राहावं लागतं. तिथे विषारी फुलपाखराचा वेष कामाला येतो. मात्र या सोंगाला एक अट आहे. आजूबाजूला खरं रोझ पुरेसं असलं पाहिजे. सोंगाडेच जास्त झाले तर पक्ष्याला चवदार घास वारंवार मिळणार आणि तो त्या नक्षीला भिणं सोडून देणार. जपानच्या दक्षिणेकडच्या रुक्यू बेटांवर हे प्रत्यक्ष दिसलं. तिथे मॉरमॉन आधीपासून होतं, कॉमन रोझ नंतर येऊन वसलं. रोझचा जम बसल्यावर तिथल्या मॉरमॉनमध्ये रोझसारख्या दिसणाऱ्या माद्यांचं प्रमाण वाढलं.

आपल्या भागातही हा धागा दिसतो. क्रिमझन रोझ हे मुख्यत्वे दक्षिण आणि पश्चिम भारतातलं. उत्तरेकडे जावं तसं ते विरळ होत जातं, आणि त्याची नक्कल करणारं रोम्युलस रूपही. बेळगाव-गोव्याकडच्या वाचकाला तिन्ही रूपं भेटू शकतात. ग्वाल्हेरकडच्या वाचकाने रोम्युलसचा दावा करण्याआधी फोटो दोनदा बघावा.

म्हणूनच बांधावरची सापसंद, किडामारी 'तण' म्हणून उपटली जाते तेव्हा नुकसान फक्त रोझचं होत नाही. परसातल्या कढीपत्त्यावर वाढलेल्या बहुरूप्याचा वेषही त्याच वेलीच्या भरवशावर चालतो. कढीपत्ता भरपूर आणि सापसंद एकही नाही, अशा वसाहतीत मॉरमॉन उडेल, पण तिथल्या पक्ष्यांना लाल खुणांची भीती कोण घालणार?

एकाच मादीच्या मुली वेगवेगळ्या रूपांच्या कशा निघतात, याचं उत्तर मिळायला बराच काळ गेला. 2014 साली 'नेचर'मध्ये बेंगळुरूच्या एनसीबीएसमधले कृष्णमेघ कुंटे आणि शिकागो विद्यापीठातले त्यांचे सहकारी यांचं संशोधन प्रसिद्ध झालं. त्यांनी दाखवलं की हा वेष 'डबलसेक्स' या एका जनुकावर ठरतो. कीटकांमध्ये नर-मादी असा फरक घडवण्यात याच जनुकाचा हात असतो. नराच्या अंगातही वेषाचं जनुक असू शकतं, त्याच्यात ते दिसत नाही इतकंच. म्हणून आई साध्या सायरस रूपाची असली तरी बापाकडून आलेल्या वारशाने लेक रोझचा वेष घेऊन कोषाबाहेर येऊ शकते.

राहतं कुठे?

दाट जंगलात फारसं नाही, अगदी उघड्या माळावरही नाही. बागा, फळबागा, परसं, गोव्यातली कुळागरं, देवळाचं आवार, विरळ झाडी, ओढ्याकाठ, ही त्याची जागा. थोडी सावली, थोडं ऊन, मधाची फुलं आणि अळीला खायला लिंबाच्या कुळातलं झाड एवढं मिळालं की ते भर शहरातही राहतं. मधासाठी घाणेरी, जास्वंद, एक्झोरा, पेंटास यांवर येतं. ओल्या चिखलावर, ओढ्याच्या काठावर पाणी शोषत बसलेले असतात ते बहुतेक नर. वर्षभर दिसतं, पण पावसाळ्यात आणि नंतरच्या दोन-तीन महिन्यांत सगळ्यात जास्त.

खरी जागा मात्र अळीच्या झाडावरून ठरते. कढीपत्ता, कागदी लिंबू, मोसंबी, पपनस, महाळुंग, बेल, कुंती, रानातली किरमिरा ही सगळी एकाच कुळातली झाडं. यातलं बेलाचं झाड महादेवाच्या देवळापाशी हमखास असतं, तिथे बघत चला.

कढीपत्त्याच्या नावाची एक मजा सांगण्यासारखी आहे. कन्नडमध्ये करिबेवु, त्यातलं बेवु म्हणजे कडुनिंब. तेलुगूत करिवेपाकु, त्यातही वेप म्हणजे कडुनिंबच. गुजरातीत मीठो लीमडो, इंदूरकडे मीठी नीम, आणि मराठीतही काही जण गोडनिंब म्हणतात. पानांची ठेवण सारखी म्हणून सगळ्या भाषांनी त्याला कडुनिंबाचा भाऊ करून टाकलं. पण कडुनिंबाचं कूळ वेगळं, आणि मॉरमॉन मादी या नावांना फसत नाही. ती पानावर उतरते, पुढच्या पायांनी टपटप करून पानाची चव घेते आणि खात्री पटली तरच पोट वाकवून एक अंडं चिकटवते. एका पानावर सहसा एकच. मग पुढचं पान, पुढची फांदी.

अळी दिसली, आता?

अंडं मोहरीपेक्षाही लहान, गोल, फिकट पिवळं. तीन-चार दिवसांत अळी बाहेर येते. सुरुवातीच्या अवस्थेत ती तपकिरी-पांढरी, ओलसर, पक्ष्याची शीट पडल्यासारखी दिसते. घरात कढीपत्ता खुडणाऱ्या बाईने "शी, पाखराने घाण केली" म्हणून पान टाकून दिलं तर त्यात नवल नाही, तो वेष त्यासाठीच आहे. शेवटची कात टाकल्यावर मात्र रंग पालटतो. अंग हिरवंगार, वर तिरके तपकिरी पट्टे, आणि पुढच्या फुगीर भागावर डोळ्यांसारख्या खुणा. तिला डिवचलं की डोक्यामागून लालसर, दुभंगलेलं शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. घाबरण्यासारखं काही नाही. ती चावत नाही, हाताला खाज सुटत नाही. खाज सुटते ती केसाळ सुरवंटाने, हिच्या अंगावर केस नसतात.

ही अळी मॉरमॉनची, लाइम बटरफ्लायची की ब्लू मॉरमॉनची, हे लहानपणीच ठामपणे सांगण्याच्या फंदात पडू नये. तिन्ही याच झाडांवर येतात आणि तिन्ही लहानपणी शीटेसारख्याच दिसतात. फुलपाखरू बाहेर पडेल तेव्हा कळेलच.

प्रश्न असतो तो झाडाचा. मोठ्या, अंगणातल्या कढीपत्त्याला चार अळ्यांनी काही होत नाही. खाल्लेल्या फांदीला नवी पालवी फुटते. कुंडीतलं वीतभर रोप मात्र एक-दोन अळ्या शेवटच्या आठवड्यात पार बोडकं करतात, हे खरं आहे. रोपवाटिकेत लिंबू-मोसंबीची कलमं करणाऱ्यांना या अळ्या, त्यातही लाइम बटरफ्लायच्या, सतावतात, आणि त्यांनी त्या हाताने वेचून काढणं समजण्यासारखं आहे. घरच्या झाडावर औषध मारण्याचं कारण मला तरी दिसत नाही. तीच पानं दुसऱ्या दिवशी आपण फोडणीत टाकणार असतो. रोप लहान असेल तर अळी पानासकट उचलून शेजारच्या मोठ्या कढीपत्त्यावर, लिंबावर किंवा बेलावर ठेवावी. ज्या झाडावर वाढली त्याच जातीचं झाड मिळालं तर उत्तम.

मुलांना दाखवायला घरी वाढवायची असेल तर काचेच्या बरणीला जाळीचं किंवा मलमलीचं झाकण लावा, रोज ताजी पानं आणि रोज साफसफाई. पानं बाजारातल्या जुडीतली नकोत. फवारलेली असतील तर अळी दोन दिवसांत काळी पडून मरते. आमच्याकडे पहिल्या वर्षी हेच झालं, धुतलेली पानं घालूनही. आत एक काडी तिरकी उभी करून ठेवा. दोन-तीन आठवड्यांनी अळी खाणं सोडते, एकदम पातळ, ओली विष्ठा टाकते आणि बरणीत सैरभैर फिरू लागते. आजारी पडली असं समजून ती फेकून देऊ नका, ती कोषासाठी जागा शोधते आहे. काडीवर शेपटीकडचं टोक चिकटवून, कमरेभोवती रेशमाचा एकच धागा घेऊन ती मागे रेलते, नारळाच्या झाडावर चढणारा दोराच्या आधाराने रेलतो तशी. दुसऱ्या दिवसापर्यंत कोष तयार. तो हिरव्या काडीवर बहुधा हिरवा, वाळक्या काडीवर तपकिरी होतो.

दहा-बारा दिवस तो तसाच राहतो, थंडीत आणखी लांबतो. त्याला हलवू नका, पाणी मारू नका. बाहेर पडायच्या आदल्या दिवशी कोष काळपट होतो आणि आतले पंख दिसू लागतात. फुलपाखरू बहुधा सकाळी बाहेर येतं. पंख ओले, चुरगळलेले. ते वाळायला दोन-तीन तास लागतात, तेवढ्या वेळात झाकण काढून बरणी सावलीत ठेवली की पुरे. पंख ताठ झाले की आधी पोटाकडे बघा. काळं असणारच, कारण कढीपत्त्यावर रोझ वाढत नाही. मग मागच्या पंखांकडे : नुसती पांढरी माळ, मधोमध पांढरा डाग, की लाल ठिपक्यांच्या ओळी.